बांगड्या भरायच्या कुणाला?



माझी पोरगी सहा वर्षांची आहे. परवा रविवारी दुपारी ती शेजारच्या पोरासोबत पॅसेजमध्ये भातुकली मांडून बसली होती. मी आत पेपर वाचत पडलेलो, कान तिकडे. पोरगा म्हणाला, ‘‘मी पप्पा होतो.’’ ही म्हणाली, ‘‘नाही, पप्पा मीच. तू मम्मी हो.’’ पोराने थोडी कुरकुर केली आणि झाला मम्मी. मग माझी पोरगी पप्पा झाली. कशी झाली ते ऐका. माझ्या चपला पायात घातल्या. कालचा पेपर काखेत मारला. जिन्यापर्यंत जाऊन परत आली आणि लांबूनच ओरडली, ‘‘अगं ए, पाच कप चहा टाक, माणसं आलीत!’’ मग भिंतीला टेकून बसली, पाय लांब सोडले, आणि समोर कुणी नसताना बोट नाचवत म्हणाली, ‘‘समाजात समता आली पाहिजे.’’

पाच कप चहा टाक. समाजात समता आली पाहिजे.

मी हसलो. बायको मोरीत भांडी घासत होती, ती पण हसली. पण तिचं हसू वेगळं होतं. ती माझ्याकडे बघून हसली.

बरीच वर्षं मी चळवळीत बोलतोय. टीका ऐकलीय, शिव्या खाल्ल्यात, आपल्याच लोकांनी व्यासपीठावरून खाली पण ओढलंय. पण ह्या पोरीने पाच कप चहात मला जेवढं उघडं पाडलं तेवढं कुणी पाडलं नव्हतं. माझ्या घराचा अहवालच तिने वाचून दाखवला.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, अरे पण पोरगी पप्पा झाली, पोराला मम्मी केलं, हे चांगलंच की! मी पण घटकाभर मनाची तशीच समजूत घातली. मग वाटलं, थांब. तिने काय निवडलं ते बघ. घरात दोन जागा आहेत. एक हुकूम सोडणाऱ्याची, दुसरी चहा टाकणाऱ्याची. हे तिला सहा वर्षांत कळलं, आणि पोरगी हुशार म्हणून तिने वरची जागा धरली. उद्या शाळा, सासर, साहेब सगळे मिळून तिला सांगणार, वरची जागा तुझी नव्हे. तेव्हा ती काय करील? एक तर गुमान चहा टाकील. नाहीतर शिकून-सवरून दुसऱ्या कुणाला तरी टाकायला लावील, आणि ती कामवाली बाई कुठल्या वस्तीतून येणार हे मी तुम्हाला सांगायला नको. जातीचं पण असंच असतं की. वरच्याचा राग असतो आणि खाली कुणीतरी आहे याचं समाधान असतं. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले ती हीच. ती माझ्या दोनशे एकोणसत्तर फुटांच्या खोलीत मी रोज पोरीला शिकवत होतो, फुकट.

तेव्हा पोरीला मुलासारखी वाढवतो असं म्हणून छाती फुगवण्यात अर्थ नाही. मुलासारखी म्हणजे कुणासारखी? माझ्यासारखी? एवढा कसला मी मोठा लागून गेलोय? त्या दोन जागाच मोडायच्यात, हे काम आहे.

मी पण सुरुवात फुशारकीनेच केली होती. पोरगी झाली तेव्हा पेढे वाटले. तुम्हाला रीत ठाऊक आहे, मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी नाहीतर जिलेबी. मी मुद्दाम पेढे घेतले. मिठाईवाला म्हणाला, ‘‘मुलगा ना?’’ मी म्हणालो, ‘‘मुलगी!’’ त्याने पेढे तसेच हातात धरून ठेवले. मला वाटलं, झाली क्रांती. २०११ च्या जनगणनेत आपल्या ह्या पुरोगामी महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त ८९४ मुली निघाल्या, हा आकडा मी त्या दिवशी चार जणांना ऐकवला. पण दोस्तांनो, पेढे वाटायला फक्त पैसे लागतात. त्यानंतर तिची लंगोटं किती धुतलीस, रात्री किती वेळा उठलास, ते मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझी वाट लागली असती.

मग कानाचा किस्सा. माझी आई म्हणाली, ‘‘कान टोचून घे, पोरीची जात हाये.’’ मी तिला महाड ऐकवलं. १९२७ च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळली, त्याच परिषदेत बाबासाहेब बायांशी वेगळं बोलले. लुगडं गुडघ्याखाली नेसा म्हणाले, अंगावरचे कथलाचे जडशीळ दागिने टाका म्हणाले, पोरींना शिकवा म्हणाले. माझी आई शाळेत चौथीपर्यंत, पण डोकं वकिलाचं. ती म्हणाली, ‘‘ते दागिनं बघून लोक जात वळखायचे, म्हनून टाकायला सांगितलं. कानाचं कुटं काय म्हनाले?’’ मी गप्प. पण रात्रभर विचार करत होतो. दागिना बघून जात ओळखायची तो दागिना फेकला. मग दागिना बघून बाई ओळखायची, तिला तिची जागा दाखवायची, तो दागिना तान्ह्या पोरीच्या अंगावर तिला न विचारता का चढवायचा? आम्ही ठरवलं, मोठी झाली की तिला विचारू. मागच्या वर्षी शाळेतल्या बाईंनी भरवर्गात तिला विचारलं, ‘‘कान मोकळे, केस बारके, तू मुलगा आहेस का गं?’’ घरी येऊन पोरगी म्हणाली, ‘‘पप्पा, माझे कान टोचा.’’ हे तिचं मत म्हणायचं का? मी तिला सांगितलं, तुला आवडतं म्हणून टोचायचं असेल तर उद्या टोचू, बाई हसतात म्हणून असेल तर थोडं थांबू. तिने विचार केला आणि म्हणाली, ‘‘थांबू.’’ उद्या ती टोचा म्हणाली तर टोचीन. कान तिचे आहेत.

तर ही बाईची जात, हे नाजूकपण, ‘पाय जवळ घेऊन बस’, ‘मोठ्याने हसू नको’, हे सगळं आपल्यात आलं कुठून? माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत होती. डोक्यावर पाटी, पोटात पोर. तिला कोण नाजूक म्हणाला? आई झाडूवाली. पहाटे निघायची, अख्खा रस्ता एकटीने लोटायची. आपल्या बायांना घराबाहेर पडायचं स्वातंत्र्य कुणी दिलं नाही, पोटाने त्यांना बाहेर काढलं. मग मी ग्रॅज्युएट झालो, नोकरी लागली, एसआरएच्या बिल्डिंगीत सहाव्या माळ्यावर खोली मिळाली. आणि पोरगी झाल्यावर बायकोची नोकरी सुटली. सुटली कसली, मीच सोडवली. नातेवाइकांत ऐटीत सांगितलं, ‘‘आता हिला काम करायची गरज नाही.’’ वरच्या वाड्यातली बाई घरात बसते म्हणून आपली पण बसली पाहिजे! ज्या वाड्याने आपल्याला उंबऱ्याबाहेर ठेवलं त्या वाड्याचा उंबरा आपण डोक्यावर वाहून आणला आणि आपल्याच दारात बसवला. याला आपण प्रगती म्हणतो.

पण जुन्या दिवसांची आरती पण ओवाळायला नको. आजी दिवसभर खडी फोडायची आणि रात्री आजोबाचा मार खायची. बेबीताई कांबळ्यांनी ‘जिणं आमचं’मध्ये लिहून ठेवलंय, सासुरवाशिणीच्या पायात लाकडाचा खोडा घालत होते. आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांनी. ते पुस्तक १९८६ चं. आपण ते कपाटात ठेवतो, सोळा पानं वाचतो आणि सवर्णांच्या अत्याचाराचा भाग तेवढा भाषणात घेतो. खोड्याचा भाग गाळतो.

आता मुद्द्यावर येतो. मागे पाण्यासाठी आम्ही वॉर्डातल्या एका कचेरीवर मोर्चा काढला होता. पोरगी माझ्या खांद्यावर. साहेब भेटायला तयार नव्हता. मग आपल्या पोरांनी काय केलं? जे नेहमी करतात तेच. टेबलावर बांगड्या टाकल्या. ‘‘बांगड्या भरा, बांगड्या!’’ फोटो निघाले. मी पण घोषणा दिली, घसा फुटेपर्यंत. मोर्चात निम्म्याहून जास्त बाया होत्या. पाण्यासाठी रात्री जागणाऱ्या त्याच. लिफ्ट बंद पडते तेव्हा सहा माळे हंडे चढवणाऱ्या त्याच. त्यांच्या हातात बांगड्या होत्या आणि त्याच हातांनी त्या मुठी वळून घोषणा देत होत्या.

येताना पोरगी म्हणाली, ‘‘पप्पा, त्या काकांना बांगड्या का दिल्या?’’

मी म्हणालो, ‘‘ते काम करत नाहीत म्हणून.’’

‘‘पण मम्मी बांगड्या घालते. ती तर काम करते.’’

मी काही बोललो नाही. काय बोलणार होतो? काम न करणाऱ्याला, भेकडाला, पळपुट्याला आपण बाई म्हणतो. पाणी येतं ते बाईच्या जिवावर, मोर्चा भरतो तो बाईच्या जिवावर, आणि शिवी पण बाईच्याच नावाची. आपली भाषा बघा. आपण लिहितो, बोलतो, भांडतो, त्यातल्या शिव्या कुणाच्या अंगावरून जातात? आईच्या आणि बहिणीच्या. शौर्य दाखवायचं तर मर्द, वाघ, ढाण्या. हरला तर ‘बायल्या’. गावकुसाबाहेरची भाषा आणली म्हणून आपण साहित्यात छाती काढून चाललो, आणि ते बरोबरच होतं, तिने पांढरपेशांचे कान उघडले. पण त्याच भाषेत आपल्या पोरीला बसायला जागा कुठंय? ती भाषा तिच्या कानावर रोज पडते. तिला कुणी मनुस्मृती वाचून दाखवत नाही. तिला बांगड्यांची घोषणा ऐकू येते, आणि ती देणारा तिचा बाप असतो.

माझा एक जुना दोस्त आहे. त्याला हे सांगितलं तर खवळला. म्हणाला, ‘‘हे सगळं शिकल्या-सवरल्या सवर्ण बायकांचं खूळ. आपला प्रश्न जातीचा आहे. आधी जात मोडू, बाईचं मग बघू.’’

दोस्ता, तुला बाबासाहेबांचंच सांगतो, दुसऱ्या कुणाचं नको. १९१६ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जातीवर निबंध वाचला. त्यात काय मांडलं? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याने. आणि ते टिकवायचं तर बाईला बांधावं लागतं. म्हणून सती, म्हणून विधवेवर सक्तीचं वैधव्य, म्हणून पोरीचं लहानपणीच लग्न. म्हणजे जातीच्या दाराला जे कुलूप आहे ते बाईच्या अंगावर लावलेलं आहे. आणि तू म्हणतोस आधी दार मोडू, कुलपाचं मग बघू! ‘पोरीची जात’ हा शब्द आपल्या आयाबायांच्या तोंडी उगाच आलेला नाही. १९४२ च्या जुलैत नागपूरला हजारो बायांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं की समाज किती पुढे गेला हे मी त्या समाजातल्या बाया किती पुढे गेल्या त्यावरून मोजतो. बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, गुलाम म्हणून नव्हे, हे पण तिथेच सांगितलं. १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्यामागे हिंदू कोड बिल बारगळल्याचा संताप होता. पोरीला बापाच्या इस्टेटीत वाटा मिळावा म्हणून खुर्ची सोडणारा आपला बाप, आणि आपण पोरीला घरकामातून सुट्टी द्यायला तयार नाही.

त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्या शाळेतली एक शाळकरी पोर, मुक्ता साळवे, ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते. त्यात ती आपल्या बायांच्या बाळंतपणाचे हाल पण लिहिते. तिला जात आधी का बाई आधी असा प्रश्न पडला नाही. तिच्यापुढे दोन्ही एकदमच होतं. आणि आपल्या चळवळीत बायांनी काय केलं याची नोंद पुस्तकात यायला १९८९ साल उजाडावं लागलं. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वस्त्यावस्त्यांत हिंडून म्हाताऱ्या बायांना बोलतं केलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिलं. त्या शीर्षकातला ‘ही’ वाचा. तो ‘ही’ आपल्याला उद्देशून आहे.

दुसरा आक्षेप माझ्या आईचा, आणि तो खरा आहे. ती म्हणते, ‘‘बाहेरचं जग वंगाळ हाये. पोरगी धीट झाली तर लोक ठेवत न्हाईत.’’ ह्याला मी हसून उत्तर देऊ शकत नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत काय झालं ते आपण विसरलेलो नाही. आई, शिकणारी पोरगी, दोन पोरं. एका घरातली चार माणसं. आपल्या पोरीवर दुहेरी डोळा आहे, ती पोरगी म्हणून आणि ती आपली म्हणून. रात्री तिला यायला उशीर झाला तर माझ्या पण पोटात गोळा येईल, मी काही दगड नाही. पण भीतीने पोरीला बांधलं तर काय होतं? तिला पळता येत नाही, ओरडता येत नाही, पोलीस स्टेशनात उभं राहून तक्रार लिहा म्हणता येत नाही. गप्प बसायला शिकवलेली पोरगी अत्याचाराच्या वेळी पण गप्पच बसते. मला ते नको आहे. मी तिला सायकल शिकवली, आता पोहायला घालणार आहे, आणि ‘नाही’ हा शब्द मोठ्याने म्हणायला शिकवतोय. पहिल्यांदा तिने तो मलाच ऐकवला. पाहुण्यांसाठी पाणी आण म्हणालो, तर म्हणाली, ‘‘नाही, तुमचे पाहुणे आहेत.’’ कानाखाली द्यावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? मग उठून पाणी आणलं.

आणि जग वंगाळ आहे म्हणता, तर ते वंगाळ करणारे कुठल्या घरात वाढतात? निम्मं काम तर पोरांवर आहे. माझ्या बहिणीचा मुलगा नऊ वर्षांचा. परवा पडला, गुडघा फुटला, रडायला लागला. सगळे एकसुरात, ‘‘मुलीसारखा काय रडतोस!’’ त्याने रडणं गिळलं आणि पहिल्यांदा काय केलं? माझ्या पोरीला ढकललं. इतकं सरळ आहे ते. पोराला रडू दिलं नाही की तो मारायला शिकतो. मी बहिणीला म्हणालो, ‘‘ताई, त्याला रडू दे, आणि त्याला भाकरी थापायला शिकव.’’ ती म्हणाली, ‘‘आधी तू शिक.’’ बरोबर बोलली. आता शिकतोय. भाकरी अजून नकाशासारखी होते.

सरकारची २०१९ ची एक पाहणी आहे, माणसं दिवसाचा वेळ कशात घालवतात त्याची. घरातलं बिनपगारी काम शंभरातल्या ८१ बाया करतात, पुरुष शंभरात २६. जे करतात त्यांच्यात पण बाईला दिवसाला २९९ मिनिटं लागतात आणि पुरुषाला ९७. ही पाहणी सहा वर्षांपुढच्या सगळ्यांची आहे, हे ध्यानात घ्या. सहा! माझी पोरगी आता त्या हिशोबात आली. आजपासून तिच्या नावावर मिनिटं चढायला लागणार. त्याच २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात चित्रं बदलली, आई-बाप दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. पोरगी पुढच्या वर्षी ते पुस्तक वाचील. चित्रातला बाप भाजी निवडतोय आणि घरातला पाच कप चहाची ऑर्डर सोडतोय, तर ती दोघांतल्या खोटं बोलणाऱ्याला लगेच ओळखील.

आता शेवटचं, आणि हे कबूल करायला मला लाज वाटते. गेल्या १४ एप्रिलला आमच्या बिल्डिंगीच्या मंडळाचं ढोल-लेझीम पथक निघालं. सगळी पोरं. पोरींना पांढऱ्या साड्या आणि हातात मेणबत्त्या. माझी पोरगी मीटिंगला माझ्यासोबत आली होती. ती म्हणाली, ‘‘मला ताशा वाजवायचाय.’’ एक कार्यकर्ता प्रेमानेच म्हणाला, ‘‘बाळा, जड असतो तो, तुझे हात दुखतील. तू मेणबत्ती घे, छान दिसशील.’’ तिने माझ्याकडे बघितलं. मी कमिटीत आहे. माझा शब्द चालतो. मी मोबाईलमध्ये तोंड घातलं.

तिने मेणबत्ती घेतली. मिरवणुकीत छान दिसली. फोटो पण आहे.

खडीची पाटी वाहणाऱ्या बाईची ती पणती. रस्ता लोटणाऱ्या बाईची नात. तिला ताशा जड होतो! आणि जयंती कुणाची होती?

तेव्हा इथे छापून टाकतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. येत्या जयंतीच्या मीटिंगला मी ठराव मांडणार, पथकात पोरी असतील आणि साड्या-मेणबत्त्यांच्या रांगेत पोरं पण असतील. हरलो तर पुढच्या वर्षी परत मांडीन, पण पोरींशिवायच्या पथकापुढे चालणार नाही. आणि आपल्या मोर्चात ज्या दिवशी कुणी बांगड्या काढील, त्या दिवशी मी घोषणा थांबवीन. कामचुकार साहेबाला कामचुकार म्हणा. चोराला चोर म्हणा. शब्दांचा काय दुष्काळ पडलाय?

बायकोने परत नोकरीसाठी अर्ज टाकलाय. सकाळचा डबा आता माझ्याकडे आहे. हा लेख वाचून ती म्हणाली, ‘‘लिहिलंय चांगलं, पण लिहीत बसला होतात तेव्हा भांडी कोणी घासली?’’

उठतो, दोस्तांनो. मोरीत ढीग पडलाय.